उभं राहून पेडल मारलं की ब्रेक घासतो? नवी चाकं घ्यायच्या आधी हे तपासा

चढ लागतो, तुम्ही सीटवरून उठता, चार पेडल जोरात मारता आणि मागून आवाज सुरू होतो, शिक... शिक... शिक, बरोबर पायाच्या तालावर. खाली बसलं की आवाज गायब. घरी येऊन सायकल उलटी करून चाक फिरवून बघता तर ते मस्त फिरतंय, कुठेच अडत नाही. मग कोणीतरी सांगतं की तुझं चाक फ्लेक्स होतंय, जरा कडक चाकं घे. आणि नवीन माणूस बिचारा चाकं शोधायला लागतो.

थांबा जरा. चाक लचकतं हे खरंच आहे, सगळीच चाकं लचकतात, फ्रेमही लचकते. पण मी आजवर ज्या सायकलींना हा आवाज येताना बघितला त्यातल्या बहुतेकांत खरा चोर दुसराच निघाला, कुठे ढिला क्विक रिलीज (चाक फ्रेमला आवळून धरणारी लिव्हर), कुठे हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातला, प्ले (ढिलाई), कुठे एका बाजूला सरकलेला ब्रेक. चाक लवचिक आहे हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, बाकी सगळ्यांची झडती घेऊन झाल्यावर. मी स्वतः हे उलट्या क्रमाने केलं आणि तीन आठवडे येड्यासारखे घालवले, ते पुढे सांगतो.

खालचा क्रम मुद्दाम तसा लावलाय, आधी ज्याला हत्यार लागत नाही ते, मग ज्याला लागतं ते. मधलं काही गाळू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर आवाज गेला तरी कशाने गेला ते कळणार नाही आणि दोन महिन्यांनी परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

आधी नक्की काय घासतंय ते पकडा

हे बहुतेक जण करतच नाहीत. आवाज आला की ब्रेकच घासतोय असं धरून चालतात. पण उभं राहून जोर लावल्यावर येणारा घासण्याचा आवाज निदान चार ठिकाणांहून येऊ शकतो: ब्रेकच्या पॅडवर रिम, चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाच्या मध्याकडे जाणारी फ्रेमची नळी) टायर, मडगार्डवर टायर, आणि पुढच्या डिरेलरच्या (पुढचे गिअर बदलताना चेन ढकलणारा भाग) पिंजऱ्यावर चेन. हा शेवटचा फार फसवतो. जोर लावला की बीबीच्या (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात ते बेअरिंग) आसपासचा भाग वळतो, चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) जरासं हलतं आणि चेन पिंजऱ्याला लागते, आवाज येतो पायाखालून आणि आपण शिव्या घालतो मागच्या चाकाला.

ताल ऐका. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आवाज येत असेल, म्हणजे वेग वाढला की आवाजही भराभर यायला लागला, बसून चालवतानाही हळूच ऐकू आला, तर रिमला आउट आहे, म्हणजे ती सरळ न फिरता डोलते, सरळ तिकडेच बघा. आवाज पायाबरोबर येत असेल, म्हणजे दर पेडलला एकदा किंवा दोनदा, तर काहीतरी जोराने सरकतंय किंवा लचकतंय. फक्त उजवा पाय खाली जाताना येतो की दोन्ही पायांना येतो हेही लक्षात ठेवा. एकाच पायाला येत असेल तर बहुधा ब्रेक किंवा चाक एका बाजूला सरकलेलं असतं, दोन्हीला येत असेल तर एकूणच फट कमी आहे किंवा काहीतरी ढिलं आहे.

आता खडूची युक्ती. साधा पांढरा खडू घ्या, मागच्या दोन्ही ब्रेक पॅडच्या रिमकडच्या तोंडावर घासा, चेनस्टेच्या आतल्या बाजूला टायरजवळही जरा लावा. मोकळ्या सपाट जागेत जा, मागचा ब्रेक अजिबात वापरायचा नाही, फक्त पुढचा वापरायचा, आणि दहा-पंधरा पेडल उभं राहून जोरात मारा. उतरून बघा खडू कुठला पुसला गेलाय. डाव्या पॅडवरचा पुसला, उजव्यावरचा जसाच्या तसा, तर अर्धं काम झालं. पॅडवरचा खडू दोन्हीकडे शाबूत आणि चेनस्टेवर पट्टा उमटलाय तर तुमचा ब्रेक निर्दोष आहे, टायर घासतोय. आणि खडू सगळीकडे शाबूत असून आवाज येतोय तर मडगार्ड आणि पुढचा डिरेलर बघा.

टायर फ्रेमला घासत असेल तर ते चालढकल करण्यासारखं नाही बरं का. टायरला वाळू-माती चिकटलेली असते, ती सँडपेपरसारखं काम करते, कार्बनची चेनस्टे तर बघता बघता खाते. तिथे रंग गुळगुळीत चमकदार झालेला दिसला की समजायचं हे बरेच दिवस चाललंय.

एक इशारा. घरातल्या ट्रेनरवर सायकल लावून ही टेस्ट करू नका. ट्रेनर मागचा एक्सल दोन्हीकडून पकडून धरतो, सायकल डोलत नाही, त्यामुळे रस्त्यावर घासणारं चाक तिथे साळसूदपणे फिरतं.

चाक ड्रॉपआउटमध्ये नीट बसलंय का

सायकल उलटी करून चाक लावायची सवय असेल तर सोडा. सायकल दोन्ही चाकांवर जमिनीवर उभी करा, मागचा क्विक रिलीज ढिला करा, सीटवर हाताने वजन टाका म्हणजे एक्सल ड्रॉपआउटच्या (फ्रेममधली एक्सल बसायची खाच) तळाला जाऊन टेकतो, आणि तसाच दाब ठेवून लिव्हर बंद करा. चाक कणभर तिरकं बसलेलं असतं आणि रिम एका पॅडच्या जवळ गेलेली असते, एवढ्यानेच कितीतरी सायकली बऱ्या होतात.

लिव्हर किती घट्ट? लिव्हर फिरवताना ती एक्सलच्या सरळ रेषेत बाहेर आली की तिथून पुढे जोर लागायला पाहिजे, आणि पूर्ण बंद करताना तळहातावर तिचा वळ उमटला पाहिजे. दोन बोटांनी बंद होत असेल तर ढिली आहे. नवीन लोक दुसरी एक चूक करतात, लिव्हरला पंखवाल्या नटासारखं (विंग नट) गोल गोल फिरवून आवळतात. ती तशी आवळायची नसते, तिच्यात कॅम असतो, उघड-बंद करायची असते.

क्विक रिलीजचेही दोन प्रकार आहेत. एकात कॅम धातूच्या डोक्याच्या आत लपलेला असतो, दुसऱ्यात तो बाहेर उघडा दिसतो आणि खाली प्लॅस्टिकची वाटी असते. आतला कॅमवाला जास्त घट्ट पकडतो, उघडावाला हलका आणि दिसायला छान असतो पण पकड कमी, त्यात माती गेली की अजूनच कमी. मागच्या चाकाला चेनचा सगळा ओढ एक्सलच्या उजव्या टोकावर येतो. तुमच्या फ्रेमचे ड्रॉपआउट आडवे असतील, म्हणजे चाक मागे-पुढे सरकवता येत असेल, तर पकड कमी पडली की उजवं टोक पुढे ओढलं जातं आणि चाकाचा पुढचा भाग डाव्या चेनस्टेकडे तिरका होतो. उभ्या ड्रॉपआउटमध्ये हे एवढं होत नाही. तर मागे जुन्या पद्धतीचा, आतल्या कॅमचा, स्टीलचा स्क्युअर (एक्सलच्या पोकळीतून जाणारी क्विक रिलीजची दांडी) लावून बघणं हा सगळ्यात सोपा प्रयोग आहे.

अजून एक बारीक गोष्ट: चाक लावलेलं असताना स्क्युअर काढा आणि एक्सलचं टोक बघा. ते ड्रॉपआउटच्या बाहेरच्या पृष्ठभागाच्या जरा आत असलं पाहिजे. बाहेर डोकावत असेल तर स्क्युअरचा नट फ्रेमला दाबतच नाही, एक्सलच्या टोकावर जाऊन आपटतो, आणि तुम्ही कितीही आवळा चाक ढिलंच राहणार.

थ्रू एक्सल (फ्रेममध्ये स्क्रूसारखा आवळायचा जाड एक्सल) असेल तर यातलं बरंचसं लागू नाही, त्यावर टॉर्क लिहिलेला असतो, बहुतेक वेळा १० ते १५ न्यूटन मीटरच्या आसपास, तेवढा आवळलाय की नाही एवढं बघा आणि पुढे चला.

हबमधला प्ले

सायकल उभी, क्विक रिलीज घट्ट बंद. मागच्या ब्रेकजवळ रिमला अंगठा आणि बोटांनी धरा, आणि डावीकडे-उजवीकडे हलवा, जोरात नाही, हलकेच. तुमच्या बोटांना 'टक्' लागतंय का? स्प्रिंगसारखं लवणं आणि परत येणं वेगळं, ते चालतं. टक् म्हणजे प्ले. फ्रेम हलत असेल तर दुसऱ्या हाताने सीटस्टे (सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणारी नळी) पकडा. आता चाक चतुर्थांश फिरवा आणि परत करा. प्ले असेल तर तो सगळीकडे लागेल. एकाच ठिकाणी हलत असेल तर तिथल्या आऱ्या (स्पोक) ढिल्या आहेत.

एवढासा प्ले कशाला महत्त्वाचा? हिशोब करा. हबमधले दोन बेअरिंग एकमेकांपासून साधारण ६-७ सेंटीमीटरवर असतात. ७००सी रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून रिम ३१ सेंटीमीटर लांब. हबमध्ये ०.२ मिलिमीटरची ढिलाई असेल तर रिमजवळ तिची चार-पाच पट, म्हणजे जवळजवळ १ मिलिमीटर होते. आणि पॅड आणि रिम यांच्यात फटच मुळात दीड-दोन मिलिमीटरची.

माझी गोष्ट इथलीच. जुनी सायकल, मागे स्क्रू होणारा फ्रीव्हील (हबवर पेचाने बसणारे मागचे दातेरी गिअर) असलेला हब. चढावर उभं राहिलं की शिक-शिक. मी पॅड बदलले. ब्रेक उघडे केले. चाकाचा आउट काढला, तो निघाला पण चार दिवसांत आवाज परत. मग मी आऱ्या आवळल्या, का तर कोणीतरी म्हणालं चाक लवतंय. आवाज तसाच. तीन आठवड्यांनी पंक्चर झालं म्हणून चाक काढलं, स्क्युअर ओढून बाहेर घेतला, आणि एक्सलचा उजवा तुकडा ठण् करून फरशीवर पडला. एक्सल दोन तुकड्यांत मोडलेला होता आणि इतके दिवस त्याच्या पोटातून जाणारा स्क्युअर त्याला धरून होता! मोडलेल्या जागेचा अर्धा भाग काळपट आणि घासून गुळगुळीत झालेला, अर्धा खरखरीत चमकणारा, म्हणजे तडा जुना होता आणि उरलेलं नंतर तुटलं. त्या सायकलवर मी रोज उतार उतरत होतो.

स्क्रू होणाऱ्या मल्टी-स्पीड फ्रीव्हीलच्या हबमध्ये हे का होतं तर उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, ड्रॉपआउटपासून खूप लांब असतं, आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो. कॅसेटच्या फ्रीहबमध्ये (यात गिअर हबवर सरकवून बसवतात) ते बेअरिंग बाहेर ड्रॉपआउटजवळ नेलेलं असतं म्हणून तिथे हे क्वचित. तेव्हा तुमचा हब जुन्या प्रकारचा असेल तर आत्ताच चाक काढा, स्क्युअर बाहेर घ्या, एक्सलची दोन टोकं बोटांनी धरून फिरवा. सरळ फिरतो का, डगडगतो का? वाकलेला एक्सल फिरवताना टोक गोल गोल नाचतं, लगेच दिसतं.

छर्रे आणि कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारे निमुळते नट) असलेल्या हबमध्ये प्ले निघाला तर तो पातळ कोन पान्याने काढायचा, साधा पाना तिथे शिरत नाही. इथे एक खुबी आहे. क्विक रिलीज आवळला की एक्सल किंचित दबतो आणि बेअरिंग अजून घट्ट होतं. म्हणून चाक बाहेर असताना अगदी नखभर प्ले ठेवायचा, जो स्क्युअर आवळल्यावर नाहीसा होईल. बाहेरच शून्य केलात तर सायकलवर लावल्यावर बेअरिंग जाम होऊन खराब होईल. सीलबंद कार्ट्रिज बेअरिंगमध्ये प्ले आला तर बेअरिंगच बदलायचं. आणि कॅसेट हाताने हलवून जरा डुलली म्हणून घाबरू नका, फ्रीहब बॉडीत थोडी ढिलाई असते, तिचा रिमच्या घासण्याशी संबंध नाही.

आउट आणि ढिल्या आऱ्या

सीटस्टेला, किंवा पुढच्या चाकासाठी फोर्कला, एक झिप टाय बांधा आणि तिचं शेपूट रिमपासून केसभर अंतरावर येईल असं कापा. झाला गेज तयार. चाक हळू फिरवा आणि फट कुठे बंद होते, कुठे वाढते ते बघा. अर्धा मिलिमीटरपर्यंतचं डोलणं सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर आउट काढायला हवा. टायर डोलतोय आणि रिम स्थिर आहे असंही होतं, तेव्हा टायर रिमवर नीट बसलेला नसतो, हवा काढून परत बसवा. म्हणून नजर टायरवर नको, रिमच्या ब्रेकच्या पट्टीवर ठेवा.

मग आऱ्या हाताळा. एकाच बाजूच्या शेजारशेजारच्या दोन-दोन आऱ्या मुठीत घेऊन आवळून बघा, सगळ्या सारख्याच कडक लागायला हव्यात. किंवा नखाने छेडा, तंबोऱ्याच्या तारेसारखा टण्ण आवाज येतो. एका बाजूच्या सगळ्या आऱ्यांचा सूर साधारण एक पाहिजे. मध्येच एखादी 'थप्' वाजली की ती ढिली, किंवा हबजवळच्या वळणात तुटलेली. मागच्या चाकात मात्र डाव्या बाजूचा सूर उजव्यापेक्षा खालचाच असतो, तो दोष नाही. उजवीकडे कॅसेटला जागा द्यायची म्हणून हबची उजवी फ्लँज (आऱ्या अडकतात ती कडा) मध्याकडे सरकलेली असते, तिकडच्या आऱ्या जास्त उभ्या असतात आणि रिम मध्यावर ठेवायला त्यांना जास्त ताण लागतो. डाव्या आऱ्यांचा ताण उजव्याच्या जवळजवळ निम्मा-पाऊणच असतो.

आणि इथेच खरा घोळ होतो. आपण उभं राहून जोर लावतो, सायकल डोलते, चाकाच्या तळाशी आडवा दाब येतो. रस्त्याला टेकलेल्या जागेवरच्या आऱ्यांचा ताण तसाही प्रत्येक फेऱ्यात कमी होत असतो, त्यात हा आडवा दाब, आणि आधीच कमी ताण असलेल्या डाव्या आऱ्या क्षणभर पूर्ण ढिल्या पडतात. ढिली आरी रिमला धरत नाही. रिम सरकते, पॅडला लागते, पुढच्या क्षणी आरी परत ताणली जाते. असं हजारदा झालं की निपल (आरीला रिमशी धरणारे बारीक नट) आपोआप उलटे फिरायला लागतात आणि आउट येतो. म्हणून 'दर आठवड्याला आउट काढतो आणि परत येतो' अशी तक्रार असेल तर समजा की एकूण ताण कमी आहे, नुसता आउट काढून भागणार नाही.

यावरून लोक उलटा निष्कर्ष काढतात की मग आऱ्या जेवढ्या आवळू तेवढं चाक कडक. नाही होत तसं! स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर असतो, तुम्ही ती आधी किती ताणून ठेवलीत त्यावर नाही. आरीचंही तेच. ती ढिली पडत नाही इतका ताण पुरे, त्याच्या वर कितीही आवळलं तरी चाक जास्त कडक होत नाही, उलट निपलच्या भोकापाशी रिमला तडे जातात. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो ताण ही नेहमीची रेंज, पण तुमच्या रिमची मर्यादा रिम बनवणाऱ्याने दिलेली असेल तर तीच पाळायची. ताण मोजायचं मीटर नसेल तर अंदाजाने सगळं चाक आवळत बसू नका, हे काम चाक बांधणाऱ्या माणसाकडे द्या.

घरी एखाददुसरी ढिली आरी नीट करायची असेल तर: रिम डावीकडे न्यायचीय तर तिथली डावी आरी आवळा, उजवी सोडा. एका वेळी निपल पाव फेरा, जास्त नाही. फिरवायची दिशा विसरायला होते, तर अशी कल्पना करा की टायर काढून रिमच्या बाहेरून स्क्रू ड्रायव्हर लावलाय, तिथून घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की आवळतं. स्पोक की बरोबर मापाची हवी, सैल असली की निपलचे कोपरे गोल होतात आणि मग रडायची पाळी.

ब्रेकची बाजू

इथे भराभर. रिम दोन्ही पॅडच्या बरोबर मध्ये आहे का? नसेल तर कॅलिपरच्या वरचा बारीक सेंटरिंग स्क्रू, व्ही-ब्रेकला दोन्ही हातांवरचे स्प्रिंगचे स्क्रू. ब्रेक फ्रेमला धरणारा मधला बोल्ट ढिला असेल तर कितीही सेंटर करा, ब्रेक दाबला की परत सरकतो. पुढच्या ब्रेकला केबलचं आवरण आखूड असेल तर हँडल वळवलं की ब्रेक एका बाजूला ओढला जातो, आणि उभं राहून चालवताना हँडल हलतंच, त्यामुळे पुढून येणारा आवाज कधी कधी एवढ्यानेच असतो.

ड्युअल पिव्हट कॅलिपर ताकदवान असतात पण त्यांच्या पॅडची हालचाल कमी, म्हणून त्यांना रिमजवळ ठेवावं लागतं. पॅड अगदी जवळ, लिव्हर हात लावताच पकडते, हे छान वाटतं नवीन माणसाला. पण तुमचं वजन जास्त असेल किंवा तुम्ही डोलवत चालवत असाल तर बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलायचा गोल स्क्रू) दोन-तीन फेरे आत घाला, दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर फट येऊ द्या. लिव्हर हँडलला टेकत नाही आणि ब्रेक पूर्ण लागतोय एवढं बघून घ्यायचं.

फ्रेम

सायकलच्या बाजूला उभे राहा, पुढचा ब्रेक धरा, सायकल किंचित आपल्याकडे झुकवा, जवळचं पेडल सगळ्यात खाली आणा, त्यावर पाय ठेवून आडवा दाब द्या आणि मागच्या पॅडकडे बघा. बीबी हललेली दिसेल, तेवढी सगळ्यांची हलते. मग दुसऱ्या बाजूने. दोन्ही बाजूंचं हलणं सारखं असेल तर तो फ्रेमचा स्वभाव आहे. एका बाजूला जास्त हलतंय, किंवा कुरकुर येतेय, किंवा काल घासत नव्हतं आणि आज अचानक घासायला लागलं, तर ओल्या फडक्याने फ्रेम पुसून उजेडात बघा: चेनस्टे बीबीला जोडते ती जागा, ड्रॉपआउटची मुळं, सीटस्टेमधला पूल. रंगात केसासारखी रेघ, स्टीलला गंजाची बारीक ओळ, असं काही दिसलं तर सायकल चालवणं तिथेच थांबवा, 'एवढी राइड करून बघतो' नको.

ब्रेक कुठे बसवलाय यानेही फरक पडतो. २०१०च्या दशकात काही एअरो रोड बाइक्सना मागचा ब्रेक बीबीखाली चेनस्टेवर दिलेला होता. दिसायला स्वच्छ, पण जोर लावल्यावर फ्रेम जिथे जास्त वळते तिथेच तो बसवलेला, त्यामुळे घासण्याच्या तक्रारी भरपूर. तुमची सायकल तशी असेल तर फट जरा जास्त ठेवणं हाच उपाय.

आता चाक

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर कुणाचं तरी चांगलं, जास्त आऱ्यांचं चाक तासाभरासाठी मागून घ्या. रिमची रुंदी तुमच्याएवढीच असली पाहिजे, नसेल तर पॅडची फट मोजून पहिल्याइतकी करा, नाहीतर टेस्टला काही अर्थ नाही. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तसंच उभं राहून. आवाज गेला तर हो, तुमचं चाक. नाही गेला तर चाक सुटलं.

आणि इथे एक गंमत, जी मला स्वतःला पटायला वेळ लागला. कडक, खोल रिमची चाकं कधी कधी मऊ रिमपेक्षा जास्त घासतात! कारण असं की आडवा दाब येतो खाली, रस्त्याजवळ, आणि ब्रेक असतो वर. रिम मऊ असेल तर ती खालीच, टेकलेल्या जागेच्या आसपास वाकते आणि वरच्या भागाला पत्ताही लागत नाही. रिम कडक असेल तर ती ताटासारखी अख्खीच्या अख्खी कलते, तळ एकीकडे गेला की माथा दुसरीकडे, आणि माथ्यावरच पॅड बसलेत. त्यात आऱ्या १८-२० असल्या तर रिमला हबशी धरून ठेवणारं कमीच. म्हणजे घासतंय म्हणून अजून खोल रिम घेतली तर पैसे गेले आणि आवाज वाढला असं होऊ शकतं. चाक खरोखरच बदलायचं ठरलं तर मागे जास्त आऱ्या बघा, २८ किंवा ३२, आणि फ्लँज एकमेकांपासून लांब असलेला हब.

डिस्क ब्रेक असेल तर

रिम कितीही डोलली तरी डिस्कला फरक नाही, पण इथे पॅड आणि रोटर (ब्रेकची चकती) यांच्यातली फटच मिलिमीटरच्या काही दशांश एवढी. बसून चालवतानाही प्रत्येक फेऱ्याला 'टिंग टिंग' येत असेल तर रोटर वाकलाय. फक्त जोर लावल्यावर येत असेल तर आधी एक्सल घट्ट आहे का, मग हबमध्ये प्ले आहे का, मग रोटरचे बोल्ट किंवा रोटर हबला धरणारी सेंटरलॉकची रिंग. हे सगळं नीट असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करा, ब्रेक लिव्हर दाबून धरा, तसंच धरून बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळा. एका बाजूचा पिस्टन मागे जात नसेल तर तो साफ करावा लागेल. रोटरला बोटं लावू नका, तेल लागलं की ब्रेक किंचाळायला लागतो, आणि उतारानंतर तर तो चटका देतो. रोटरची जाडीही मोजून घ्या, नवा बहुधा १.८ मिलिमीटर असतो आणि १.५ ला आला की बदलायचा, झिजलेला पातळ रोटर पटकन वाकतो.

सगळं तपासलं, काही सापडलं नाही, आणि वर्षातून दोन-चार स्प्रिंटमध्येच एखादी शिक ऐकू येते, अशी सायकल असेल तर पॅड अर्धा मिलिमीटर बाहेर घ्या, चढावर एक गिअर हलका टाका, पाय जरा भरभर फिरवा म्हणजे प्रत्येक पेडलवरचा धक्का कमी होतो. माझी दुसरी सायकल अशीच आहे, पूर्ण जोर लावला की डावा पॅड एकदा हळूच लागतो, आणि मी ते तसंच ठेवलंय. फक्त दर महिन्याला स्क्युअर काढून एक्सलची टोकं तेवढी फिरवून बघतो.